पॉट्सव्हिलचा १९२५ चा हंगाम : मैदानावर जिंकलेले, कागदावर हरलेले

१) अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगच्या विजेत्यांची अधिकृत यादी पाहिली, तर १९२५ या वर्षापुढे ‘शिकागो कार्डिनल्स’ हे नाव आढळते. पेनसिल्व्हेनिया राज्यातील पॉट्सव्हिल या गावात मात्र गेली शंभर वर्षे त्या वर्षाचे विजेते म्हणून दुसरेच नाव सांगितले जाते : पॉट्सव्हिल मरून्स. आजचा थ्रेड या एका हंगामाविषयी आणि त्याच्या निमित्ताने ‘नोंद’ या गोष्टीविषयी आहे. थोडा दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

२) मी या गावापर्यंत खेळाच्या वाटेने पोहोचले नाही. माझा लघुप्रबंध मुंबईतील गिरणी कामगारांच्या १९२५ च्या संपावर आहे. त्याच काळात जगात आणखी कुठे मोठे संप चालू होते, हे पडताळून पाहत असताना पेनसिल्व्हेनियातील कोळसा खाणींचा संप समोर आला. १ सप्टेंबर १९२५ रोजी तिथल्या दीड लाखाहून अधिक खाणकामगारांनी काम थांबवले. मुंबईतला संप १५ सप्टेंबरला सुरू झाला. या दोन संपांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. पण त्या खाणप्रदेशाविषयी वाचता वाचता एका फुटबॉल संघाचे नाव वारंवार दिसू लागले, आणि मी थांबले.

३) प्रथम गाव समजून घेऊ. पॉट्सव्हिल हे स्कूलकिल परगण्याचे मुख्य ठाणे. १९२० मध्ये लोकसंख्या जेमतेम बावीस हजार. आसपासच्या डोंगरांत अँथ्रासाइट, म्हणजे अत्यंत कठीण आणि धूर फारसा न करणारा दगडी कोळसा. अमेरिकेच्या पूर्वेकडील शहरांतील घरे हिवाळ्यात या कोळशावर ऊब घेत. तो खणून काढण्यासाठी वेल्स, आयर्लंड, पोलंड, लिथुआनिया इथून पिढ्यान्‌पिढ्या माणसे आली. याच गावच्या तुरुंगात २१ जून १८७७ रोजी, ‘मॉली मॅग्वायर्स’ या गुप्त संघटनेचे म्हणून खटला चाललेल्या सहा आयरिश खाणकामगारांना फाशी देण्यात आली. गावाची स्मृती दीर्घ आहे, आणि ती दीर्घ असण्याला कारणे आहेत.

४) आता लीग. ही संघटना १९२० मध्ये ओहायो राज्यातील कँटन इथे, मोटारगाड्यांच्या एका विक्रीदालनात झालेल्या बैठकीतून जन्मली. १९२५ मध्ये तिच्यात वीस संघ होते. सामने ठरवून देणारे मध्यवर्ती वेळापत्रक नव्हते. संघमालक आपापसांत पत्रव्यवहार करून सामने ठरवीत. उपान्त्य फेरी नाही, अंतिम सामना नाही. बरोबरीचे सामने वगळून जिंकलेल्या सामन्यांचे प्रमाण काढायचे; ज्याचे प्रमाण सर्वांत जास्त, तो विजेता. हंगामाची मुदत २० डिसेंबर. हा हिशेब लक्षात ठेवा. सारा वाद त्यातच दडलेला आहे.

५) खेळाविषयी दोन वाक्ये, ज्यांना तो परिचित नाही त्यांच्यासाठी. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावत किंवा फेकून प्रतिस्पर्ध्याच्या सीमेपार न्यायचा. त्याला टचडाउन म्हणतात, गुण सहा. त्यानंतर एक जादा गुण मिळवण्याची संधी असते. चेंडू लाथेने गोलखांबांमधून धाडला तर तो फील्ड गोल, गुण तीन.

६) पॉट्सव्हिलचा संघ आधी स्थानिक ‘अँथ्रासाइट लीग’मध्ये खेळत असे. १९२५ मध्ये तो राष्ट्रीय लीगमध्ये दाखल झाला. मालक होते गावातीलच एक शल्यचिकित्सक, डॉ. जॉन स्ट्रीगल, प्रशिक्षक डिक राउच. ‘मरून्स’ हे नाव संघाच्या तांबूस-तपकिरी जर्सीवरून पडले. शेजारच्या मायनर्सव्हिलमधील एका लहानशा मैदानावर घरचे सामने होत.

७) ‘खाणकामगारांचा संघ’ ही या संघाची ख्याती. ती अंशतःच खरी आहे. बहुतेक प्रमुख खेळाडू महाविद्यालयांत खेळून आलेले होते. चार्ली बेरी हा लाफायेट कॉलेजचा; हिवाळ्यात फुटबॉल आणि उन्हाळ्यात बेसबॉल खेळणारा. ख्यातीला सार्थ करणारा माणूस एकच, टोनी लाटोन. लिथुआनियन स्थलांतरितांचा मुलगा. वडील वारल्यावर कोवळ्या वयात शाळा सुटली आणि तो खाणीवर कामाला लागला. कोळशातून दगड वेचणाऱ्या मुलांना तिथे ‘ब्रेकर बॉइज’ म्हणत. खाणीने घडवलेल्या त्या देहाची धडक इतकी जबर असे, की त्याला ‘मानवी तोफ’ असे टोपणनाव मिळाले.

८) या संघाचे भाग्य एका जुन्या कायद्याशी जोडलेले होते. पेनसिल्व्हेनियात रविवारी खेळांवर बंदी होती. फिलाडेल्फियात ती कसोशीने पाळली जाई. त्यामुळे तिथला फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स हा बलाढ्य संघ घरचे सामने शनिवारी खेळे. खाणप्रदेशात त्या बंदीकडे कोणी लक्ष देत नसे. त्यामुळे दूरवरून येणारे संघ शनिवारी फ्रँकफर्डशी आणि रविवारी पॉट्सव्हिलशी खेळत. एका प्रवासखर्चात दोन सामने. पॉट्सव्हिलसमोर पुष्कळदा आदल्या दिवशी दमलेला प्रतिस्पर्धी उभा राही, हेही इथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

९) हंगामाचा आरंभ बफेलोवर २८–० अशा विजयाने झाला. पुढे प्रॉव्हिडन्सकडून ०–६ असा पराभव. १४ नोव्हेंबरला फ्रँकफर्डकडून ०–२० असा दुसरा. दोनच आठवड्यांनी, २९ नोव्हेंबरला, त्याच फ्रँकफर्डला पॉट्सव्हिलने ४९–० असे नमवले. एवढ्या फरकाने हरलेला शेजारी पुढच्या पंधरवड्यात काय करील, याचा अंदाज तेव्हा कोणी बांधला असेल का, असा प्रश्न मला पडतो.

१०) या साऱ्या काळात खाणी बंद होत्या. ही गोष्ट खेळाच्या बहुतेक कथनांत एका ओळीत उरकली जाते. सप्टेंबरपासून घरात मजुरी आलेली नाही, दुकानदाराची उधारी वाढत चालली आहे, हिवाळा तोंडावर आहे, आणि रविवारी माणसे मैदानाभोवती उभी आहेत. संप फेब्रुवारी १९२६ मध्ये मिटला. तोवर पूर्वेकडील अनेक ग्राहक तेलाकडे आणि इतर इंधनांकडे वळले होते. अँथ्रासाइटच्या धंद्याला पूर्वीचे दिवस पुन्हा आले नाहीत. म्हणजे ज्या हिवाळ्यात संघ शिखरावर पोहोचला, त्याच हिवाळ्यात गावाच्या पायाखालची जमीन सरकत होती.

११) रविवार, ६ डिसेंबर १९२५. शिकागोतील कोमिस्की पार्क, मैदानावर बर्फ. कार्डिनल्सचे नऊ विजय, एक पराभव, एक बरोबरी. पॉट्सव्हिलचे नऊ विजय, दोन पराभव. वृत्तपत्रांनी या सामन्याला विजेतेपदाची लढत असेच संबोधले होते. पॉट्सव्हिलने तो २१–७ असा जिंकला. आता हिशेब करू. पॉट्सव्हिल : बारापैकी दहा, म्हणजे ०.८३३. कार्डिनल्स : अकरापैकी नऊ, म्हणजे ०.८१८. गावाच्या दृष्टीने हंगाम इथे संपला. लीगच्या दृष्टीने अजून चौदा दिवस शिल्लक होते.

१२) या चौदा दिवसांत दोन गोष्टी घडल्या. पहिली शिकागोत. कार्डिनल्सचे मालक ख्रिस ओब्रायन यांनी घाईने आणखी दोन सामने ठरवले. १० डिसेंबरला मिल्वॉकीवर ५९–० आणि १२ डिसेंबरला हॅमंडवर १३–० असे विजय मिळाले. प्रमाण झाले तेरापैकी अकरा, ०.८४६. कार्डिनल्स पुन्हा पुढे.

१३) मात्र मिल्वॉकीचा संघ त्याआधीच विखुरलेला होता. मैदानात उतरायला माणसे पुरेनात, म्हणून शिकागोतील एंगलवुड हायस्कूलची चार शाळकरी मुले त्या संघातर्फे खेळवण्यात आली. ती जमवून देणारा होता खुद्द कार्डिनल्सचा एक खेळाडू. प्रकरण उघडकीस आल्यावर लीगचे अध्यक्ष जो कार यांनी त्या खेळाडूला आजन्म बंदी घातली (ती पुढे उठली), कार्डिनल्सना एक हजार डॉलर दंड केला आणि मिल्वॉकीच्या मालकाला दंड करून संघ विकण्याचा आदेश दिला. हा सामना नोंदीतून वगळू, असेही त्यांनी जाहीर केले. तो वगळला गेला नाही. आजही ५९–० हा निकाल कार्डिनल्सच्या खात्यावर आहे.

१४) दुसरी गोष्ट फिलाडेल्फियात. नोटर डेम विद्यापीठाचा १९२४ चा अपराजित संघ आणि त्यातील ‘चार घोडेस्वार’ म्हणून गाजलेले चार खेळाडू त्या काळी देशाचे लाडके होते. विद्यापीठांचा खेळ श्रेष्ठ आणि पैसे घेऊन खेळणारे दुय्यम, अशीच सर्वसाधारण समजूत होती. त्या संघातील माजी खेळाडूंशी पॉट्सव्हिलचा प्रदर्शनीय सामना ठरला. गावचे मैदान लहान, म्हणून तो फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कमध्ये, शनिवारी, १२ डिसेंबरला घ्यायचे ठरले. तिकिटांचे उत्पन्न मोठे होणार होते.

१५) परंतु लीगच्या नियमाप्रमाणे फिलाडेल्फिया हे फ्रँकफर्डचे क्षेत्र. त्यांच्या संमतीवाचून तिथे लीगमधील दुसऱ्या संघाने खेळणे निषिद्ध. फ्रँकफर्डने तक्रार केली. कार यांनी पॉट्सव्हिलला न खेळण्याविषयी स्पष्ट ताकीद दिली. पॉट्सव्हिलचे म्हणणे असे, की लीगच्या कार्यालयाने आपल्याला दूरध्वनीवरून परवानगी दिली होती. ताकीद लेखी होती. परवानगी, असलीच तर, तोंडी.

१६) पॉट्सव्हिल खेळले. नोटर डेमचे सात गुण झाले. लाटोनने टचडाउन केला, पण जादा गुण हुकला, ६–७. अखेरच्या क्षणांत चार्ली बेरीने फील्ड गोल साधला आणि सामना ९–७ असा संपला. व्यावसायिक खेळाडू विद्यापीठांच्या ताऱ्यांना हरवू शकतात, हे त्या दिवशी दिसले. लीगची प्रतिष्ठा वाढवणारा हा विजय ज्या संघाने मिळवला, त्याला लीगने पाचशे डॉलर दंड करून निलंबित केले.

१७) इथे कार यांना खलनायक ठरवण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ज्या लीगचे संघ दर वर्षी बुडत, स्थलांतर करत, खेळाडू पळवत, तिला टिकवायचे तर क्षेत्राचा नियम हाच आधारस्तंभ होता. आपल्या शहरात दुसरा संघ येऊन गल्ला नेणार नाही, एवढी हमी नसेल तर कोणता मालक पैसे गुंतवील? ताकीद मिळूनही नियम मोडला गेला, ही वस्तुस्थिती आहे. पॉट्सव्हिलच्या लोककथेत ही ताकीद बहुधा पुसट होते. स्मृतीही आपल्या सोयीने निवड करते. ते काम केवळ कार्यालये करतात असे नाही.

१८) तरीही एक आकडेमोड मला सोडत नाही. कार यांनी आपल्याच घोषणेनुसार मिल्वॉकीचा सामना वगळला असता, तर कार्डिनल्सचे प्रमाण झाले असते बारापैकी दहा : ०.८३३. पॉट्सव्हिलचेही बारापैकी दहा : ०.८३३. तंतोतंत बरोबरी, आणि या दोघांतला एकमेव सामना पॉट्सव्हिलने जिंकलेला. एकाच पंधरवड्यात दोन संघांकडून गैरप्रकार घडले. एकाला झालेली शिक्षा पूर्णपणे अमलात आली, दुसऱ्याच्या शिक्षेतील नेमका विजेतेपदाला भिडणारा भाग कागदावरही उतरला नाही.

१९) याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. लीगच्या त्यानंतरच्या बैठकीत ओब्रायन यांनी हे विजेतेपद स्वीकारायला नकार दिला. ज्यांनी आपल्याला मैदानात हरवले त्यांच्यावर मात करून मिळणारा मान त्यांना नको होता. पुढे संघाची मालकी बदलली. १९३० च्या दशकात तो चार्ल्स बिडविल यांच्याकडे आला आणि त्यानंतर त्या विजेतेपदावर हक्क सांगितला जाऊ लागला. म्हणजे आज आपण ज्याला ‘१९२५ ची नोंद’ म्हणतो, तिचा स्वीकार १९२५ नंतर कित्येक वर्षांनी झाला. दस्तऐवज कोणत्या वर्षाविषयी आहे, एवढे पाहून भागत नाही. तो कोणत्या वर्षी आणि कोणाच्या हातून पक्का झाला, हेही पाहावे लागते.

२०) माझा लघुप्रबंध इथेच अडखळत होता. मुंबईच्या संपाचे कारण मजुरीतील साडेअकरा टक्क्यांची कपात. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. डिसेंबरच्या आरंभी सरकारने कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कर स्थगित केला, कपात मागे घेतली गेली आणि गिरण्या सुरू झाल्या. याचे कागद विपुल आहेत : मालकसंघाचे अहवाल, सरकारी पत्रव्यवहार, वृत्तपत्रे. अडीच महिने ती दीड लाख माणसे जेवली कशी, याचे कागद फार थोडे.

२१) लालबागमधील एका चाळीत ऐंशी ओलांडलेल्या एका आजींना मी भेटले. त्यांच्या सासूबाई गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवीत. आजींनी सासूबाईंच्या तोंडून ऐकलेली हकिगत अशी, की संपात वीस-बावीस गडी उधारीवर जेवत होते, आणि संप मिटल्यावर सासूबाईंनी उधारीची वही चुलीत घातली. मी विचारले, ‘आजी, त्या वेळचा एखादा कागद, एखादी वही उरली आहे का?’ त्या हसल्या. ‘अगं पोरी, वही जाळली हीच तर गोष्ट आहे. उरली असती तर तुला सांगायला काय राहिलं असतं?’

२२) मार्गदर्शकांनी मसुद्याच्या समासात एकच शब्द लिहिला : ‘आधार?’ प्रश्न रास्त आहे. एका व्यक्तीची, तीही ऐकीव, हकिगत मी सिद्ध घटना म्हणून मांडू शकत नाही. पण पॉट्सव्हिल वाचल्यानंतर तो प्रश्न मला दोन्ही बाजूंना विचारावासा वाटू लागला. मालकसंघाच्या अहवालालाही ‘आधार?’ असे विचारले पाहिजे. तो छापील आहे म्हणून त्याला सूट नाही. आजींची हकिगत मी तळटीपेतून उचलून मुख्य मजकुरात घेतली आहे. कोणी, कोणाकडून, किती वर्षांनी ऐकून सांगितली, हे सारे त्याच परिच्छेदात नमूद करून.

२३) आता उरलेला इतिहास. पॉट्सव्हिलचे निलंबन पुढच्या हंगामाआधी मागे घेतले गेले. १९२९ मध्ये संघ बोस्टनला हलवला गेला आणि त्या एका हंगामानंतर मिटला. तक्रार करणारा फ्रँकफर्डही १९३१ मध्ये संपला. टिकले ते कार्डिनल्स : शिकागोहून १९६० मध्ये सेंट लुइसला, १९८८ मध्ये ॲरिझोनाला. मालकी आजही बिडविल कुटुंबाकडे. १९६३ मध्ये लीगने या प्रकरणाचा फेरविचार केला आणि निर्णय कार्डिनल्सच्या बाजूने दिला.

२४) २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर एड रेंडेल यांनी पॉट्सव्हिलची बाजू उचलून धरली. प्रकरण पुन्हा उघडावे का, यावर संघमालकांचे मतदान झाले : विरोधात ३०, बाजूने २. ती दोन मते फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग यांची, म्हणजे पेनसिल्व्हेनियातीलच दोन संघांची. त्या सभेत कार्डिनल्सला मत होते. पॉट्सव्हिलला नव्हते, कारण मत संघाला असते आणि पॉट्सव्हिलचा संघ अस्तित्वात नव्हता. मला या सगळ्या प्रकरणातील कळीचा मुद्दा हाच वाटतो. दावा खरा असण्याइतकेच, तो मांडायला सभेत कोणी उरले आहे का, यावर नोंद अवलंबून राहते.

२५) कँटन येथील फुटबॉलच्या संग्रहालयात अँथ्रासाइट कोळशातून कोरलेला एक चेंडू आहे. पॉट्सव्हिलकरांनी तो स्वतःच बनवून घेतला, त्यावर स्वतःच्या संघाला १९२५ चे विजेते म्हटले आणि संग्रहालयाला दिला. ज्या लीगची अधिकृत यादी त्यांचे नाव घेत नाही, तिच्याच इतिहासाच्या घरात तो ठेवलेला आहे. एका वर्षाचे दोन विजेते एकाच इमारतीत नांदत आहेत.

२६) तर १९२५ चा विजेता कोण? इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी या एका प्रश्नाचे तीन प्रश्न करते. शिकागोच्या मैदानावर कोण जिंकले? पॉट्सव्हिल. लीगच्या नियमांच्या चौकटीत, निलंबनानंतर, पद कोणाकडे जाऊ शकत होते? कार्डिनल्सकडे, जर मिल्वॉकीचा सामना धरला तर. आणि तो सामना धरायचा हे कोणी ठरवले? कोणीच नाही, तो वगळायचे राहून गेले. या तिसऱ्या उत्तरावर एक विजेतेपद उभे आहे, आणि यादी वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

२७) थ्रेड इथे थांबवते. तुमच्या गावातही अशी एखादी गोष्ट असेल : कुस्तीचा निकाल, बांधावरचा निवाडा, शाळेच्या पायाभरणीचे श्रेय. गाव एक सांगते, कागद दुसरे. तसे असेल तर घाईने कोणाचीही बाजू घेऊ नका. गोष्ट सांगणाऱ्याचे वय विचारा, कागदावरची तारीख पाहा, सही कोणाची आहे तेही पाहा, आणि दोन्ही लिहून ठेवा. सांगणारी माणसे फार दिवस थांबत नाहीत. खाली प्रतिसादांत लिहिलेत तर मी प्रत्येक वाचीन.